विश्लेषण : बंदर आपले, मग जहाज कोणाचे? वालचंद हिराचंद यांची तीस वर्षांची सागरी आखणी

५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन. १९१९ मध्ये याच तारखेला ‘लॉयल्टी’ ही आगबोट मुंबईहून लंडनकडे निघाली, त्याची आठवण म्हणून १९६४ पासून हा दिवस पाळला जातो. सध्या पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदरामुळे महाराष्ट्रात बंदरांची चर्चा पुन्हा सुरू आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झाली. खर्च ७६ हजार कोटी रुपयांहून अधिक आहे. स्थानिक मच्छीमारांचा विरोध, किनाऱ्याची हानी, रोजगार यांवर भरपूर बोलले जाते. मात्र इतक्या खोल पाण्यात येणारी जहाजे कोणाची असतील आणि ती कुठे बांधली जातील, हा प्रश्न मागे राहतो. शंभर वर्षांपूर्वी सोलापूरच्या एका रेल्वे कंत्राटदाराने नेमका हाच प्रश्न उचलला होता. त्याच्या उत्तराला जवळजवळ तीस वर्षे लागली.

सोलापूरचा कंत्राटदार समुद्राकडे कसा वळला?

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. घराणे मूळ गुजरातचे, दिगंबर जैन, पण सोलापुरात रुजलेले. सावकारी आणि कापसाचा व्यापार हा घरचा धंदा. कॉलेजचे शिक्षण अर्धवट सुटले आणि पेढीवर बसण्यात मन रमेना. रेल्वेत कारकुनी केलेले लक्ष्मणराव फाटक हे कंत्राटे घेऊ पाहत होते, त्यांच्याकडे अनुभव होता पण भांडवल नव्हते. वालचंद यांच्याकडे घराण्याची पत होती. दोघांची भागीदारी जमली. सुरुवात झाली ती बार्शी लाइट रेल्वेच्या विस्ताराच्या कामाने. हीच अरुंद लाइन पुढे मराठवाड्यात येडशी, लातूरपर्यंत गेली.

सावकाराचा मुलगा मुरूम-मातीच्या कामात उतरला हे घरच्यांना रुचले नव्हते. पण पुढच्या वीस वर्षांत याच धंद्याने त्यांना मोठे केले. पहिल्या महायुद्धात लष्करी बांधकामे मिळाली. १९२० नंतर टाटा कन्स्ट्रक्शन कंपनीतून बोरघाटातील रेल्वेचे बोगदे, मुंबईची तानसा जलवाहिनी अशी कामे झाली. या काळात त्यांना एक सवय लागली. काम हाती घेताना दगड कुठून येणार, पाणी किती लांब आहे, मजूर कुठे राहतील हे आधी पाहायचे. पुढे गोदीची जागा निवडताना ती कामी आली.

मुंबईत गोद्या होत्याच, मग अडचण कसली?

बंदराच्या बांधकामात मुंबई मागे नव्हती. पोर्ट ट्रस्ट १८७३ मध्ये स्थापन झाला. प्रिन्सेस डॉक १८८० मध्ये, व्हिक्टोरिया डॉक १८८८ मध्ये आणि अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजचा इंदिरा डॉक, १९१४ मध्ये सुरू झाला. अलेक्झांड्रा डॉक खोदताना निघालेली माती टाकून बॅलार्ड इस्टेटची जमीन तयार झाली. त्याआधी सूरतहून आलेल्या वाडिया घराण्याने मुंबईच्या गोदीत सागवानी जहाजे बांधली होती, त्यांतली काही ब्रिटिश नौदलासाठी होती. पण लाकूड आणि शीड जाऊन पोलाद आणि वाफ आली, तशी ही परंपरा संपली. धक्के उभे राहिले, त्यांना लागणारी जहाजे मात्र ब्रिटनमधून येऊ लागली.

याचा अर्थ काय होत होता, ते मराठवाड्याच्या कापसावरून कळते. निजामाच्या राज्यात गोदावरी खोऱ्यातून मनमाडकडे जाणारी मीटरगेज लाइन विसाव्या शतकाच्या तोंडावर सुरू झाली. आज परभणी, पेडगाव, मानवत रोड ही स्टेशने याच मार्गावर आहेत. इथला माल मनमाडला उतरवून ब्रॉडगेजच्या डब्यांत भरावा लागे आणि तिथून तो मुंबईला जाई. जिनिंगचा खर्च, हमाली, रेल्वेभाडे हे सगळे देशात हिशेबाला येत असे. धक्क्यावर गाठ पोहोचली की पुढचे भाडे मात्र परदेशी कंपनी ठरवी. रंगूनहून येणाऱ्या तांदळाचे, कोलकात्याहून येणाऱ्या कोळशाचेही तेच. देशाच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात जाणारा मालसुद्धा बहुतांशी ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन आणि तिच्या सोबतिणींच्या हाती होता.

या कंपन्यांकडे दोन हत्यारे होती. एक, दर पाडणे. जमशेटजी टाटांनी १८९०च्या दशकात जपानी कंपनीच्या साथीने सूत पाठवायला जहाजे भाड्याने घेतली, तेव्हा पी अँड ओ कंपनीने भाडे इतके खाली आणले की टाटांना माघार घ्यावी लागली. चिदंबरम पिल्लै यांची १९०६ची तुतिकोरिनची स्वदेशी आगबोट कंपनीही याच मार्गाने आणि सरकारी दडपशाहीने बुडाली. दुसरे हत्यार अधिक चतुर होते, ते म्हणजे लांबणीवर टाकलेली सूट. व्यापाऱ्याने ठरावीक मुदतभर फक्त याच कंपन्यांच्या जहाजांतून माल पाठवला तर भाड्याचा काही भाग त्याला नंतर परत मिळे. मधेच एखादी खेप दुसऱ्या जहाजाने गेली की साठलेली सगळी सूट बुडे. त्यामुळे देशी जहाजाचे भाडे कमी असले, तरी व्यापाऱ्याचा पाय तिकडे वळत नसे.

‘लॉयल्टी’चा सौदा काय होता?

१९१९च्या सुरुवातीला दिल्लीहून मुंबईला येताना रेल्वेच्या डब्यात एका इंग्रज प्रवाशाकडून वालचंद यांना कळले की ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांची एक आगबोट विक्रीला आहे. मुंबईत उतरल्यावर ते बोट पाहायला गेले. तिचे मूळ नाव ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’. कॅनेडियन पॅसिफिक कंपनीसाठी १८९१ मध्ये इंग्लंडमध्ये बांधलेली ही प्रवासी बोट महाराजांनी १९१४ मध्ये घेऊन युद्धात रुग्णालय-जहाज म्हणून दिली होती. बोट अठ्ठावीस वर्षांची, म्हणजे म्हातारीच. पण महायुद्धात हजारो जहाजे बुडाली होती, जगभर टंचाई होती आणि नवे जहाज मिळण्याची वाट पाहिली असती तर संधी गेली असती.

वालचंद यांच्या जोडीला गिरणीमालक नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास आले. मार्च १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची नोंदणी झाली, भांडवल साडेचार कोटी रुपये ठरले. कंपनीचे नाव शिंदे घराण्यावरून ठेवले. लगेच ५ एप्रिलला बोट लंडनकडे सुटली. मुहूर्त गाजला, पण व्यवहार म्हणून ‘लॉयल्टी’ फारशी लाभली नाही. तिची दुरुस्ती खर्चिक होती आणि बसलेल्या कंपन्यांच्या पकडीमुळे माल मिळणेही कठीण होते. १९२३ मध्ये ती मोडीत निघाली. इंग्लंडमध्ये विकत घेतलेल्या साध्या मालवाहू जहाजांवर सिंदिया खऱ्या अर्थाने उभी राहिली. त्यांची नावे आज कोणाला आठवत नाहीत, राष्ट्रीय दिन मात्र मोडीत निघालेल्या बोटीच्या नावे आहे.

१९२३चा करार : शरणागती की सवड?

पी अँड ओ आणि ब्रिटिश इंडिया या दोन्हींचे सूत्रधार लॉर्ड इंचकेप होते. त्यांनी आधी सिंदिया विकत घेण्याची तयारी दाखवली. ते जमले नाही, तेव्हा दरयुद्ध सुरू झाले. युद्धोत्तर तेजी ओसरून जगभर मालभाडी कोसळत असतानाच हे घडले. सिंदियाची महाग भावात घेतलेली जहाजे तोट्यात चालू लागली.

शेवटी १९२३ मध्ये दहा वर्षांचा करार झाला. सिंदियाने हिंदुस्थान, ब्रह्मदेश, सिलोनच्या किनारी मालवाहतुकीतच राहायचे, युरोपच्या मार्गावर जायचे नाही, प्रवासी वाहतुकीत शिरायचे नाही आणि एकूण टनभार ७५ हजारांच्या पुढे न्यायचा नाही. ज्या मार्गासाठी ‘लॉयल्टी’ निघाली, तोच मार्ग कागदावर बंद झाला. राष्ट्रवादी वर्तुळात यावर टीका झाली आणि वालचंद यांनीही हा करार नाइलाजाचा मानला. तरी आज मागे वळून पाहता तो चुकीचा होता असे म्हणणे अवघड आहे. टाटांची आणि चिदंबरम पिल्लै यांची कंपनी अडली, तिथेच सिंदिया तग धरून राहिली. गिरण्यांचा माल, रंगूनचा तांदूळ, कोलकात्याचा कोळसा यांतून मिळकत सुरू झाली. दहा वर्षे वाढ थांबली, पण कंपनी जिवंत राहिली. या दहा वर्षांत काय केले, यावर या कराराचा निवाडा करायला हवा.

बांधलेल्या हातांनी काय करता आले?

जहाज विकत घेणे हे सर्वांत सोपे काम होते, हे एव्हाना उमगले होते. जहाज चालवायला अधिकारी लागतात आणि ते सगळे ब्रिटिश होते. बोटीवर खलाशी कोकणातले, गुजरातचे, चितगावचे. पुलावर उभा राहणारा कप्तान मात्र परका. हिंदी मुलांना प्रशिक्षणाची सोयच नव्हती. सरकारने कॅप्टन हेडलॅम यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १९२४ मध्ये प्रशिक्षण जहाजाची आणि किनारी वाहतूक टप्प्याटप्प्याने देशी जहाजांसाठी राखण्याची शिफारस केली. पहिली मान्य झाली. १९२७ मध्ये मुंबई बंदरात ‘डफरिन’ उभे राहिले आणि तिथून बाहेर पडणाऱ्या तरुणांना सिंदियाने उमेदवारी दिली.

दुसरी शिफारस अडली. सिंदियाशी संबंधित एस. एन. हाजी यांनी १९२८ मध्ये कायदेमंडळात किनारी वाहतूक राखीव करण्याचे विधेयक आणले. पाठोपाठ लांबणीच्या सुटीविरुद्धही विधेयक आले. गांधीजींनी ‘यंग इंडिया’त या मागणीची बाजू घेतली. सरकारने ती होऊ दिली नाही आणि १९३५च्या कायद्यात तर ब्रिटिश जहाजांविरुद्ध भेदभाव करता येणार नाही अशी कलमेच घातली गेली. १९२९ मध्ये नरोत्तम मोरारजी मोटार अपघातात गेले आणि अध्यक्षपद वालचंद यांच्याकडे आले.

१९३३ मध्ये कराराची मुदत संपल्यावर बंधने सैल झाली. १९३७ मध्ये ‘अल मदिना’ या नव्या बोटीने हज यात्रेकरूंची वाहतूक सुरू झाली आणि मोगल लाइनशी पुन्हा दरयुद्ध पेटले. कोकणच्या किनाऱ्यावर चालणारी बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीही त्या दशकाच्या अखेरीस सिंदियाच्या हाती आली. चाकरमान्यांची आगबोट ती हीच. कोकणातल्या बऱ्याच बंदरांत बोट धक्क्याला लागत नसे. ती लांब खोल पाण्यात नांगर टाकी आणि माणसे, ट्रंका, कोंबड्या पडावांतून किनाऱ्यावर येत. पावसाळ्यात सेवा बंद असे. मालक देशी झाला तरी कोकणातल्या छोट्या बंदरांना धक्के मिळाले नाहीत. वालचंद यांच्या आखणीतली ही खरी उणीव मानता येते. धक्के बांधणे हे सरकारचे काम होते हे खरे, पण सिंदियाचेही लक्ष मोठ्या मार्गांवर होते. शिवाय एव्हाना किनाऱ्यावरच्या छोट्या देशी कंपन्यांना सिंदिया हीच मोठी मासळी वाटू लागली होती.

गोदी मुंबईत का झाली नाही?

जहाजबांधणीचा विचार कंपनीच्या जन्मापासून होता. जहाज परदेशातून घ्यायचे तर किंमत, मुदत आणि दुरुस्ती या तिन्हींसाठी परक्यांवरच अवलंबून राहावे लागते. युद्ध झाले की तर कोणीच जहाज विकत नाही, हे १९१४ ते १९१८ मध्ये दिसले होते. १९३०च्या दशकात सिंदियाने सर अलेक्झांडर गिब यांच्या नामांकित ब्रिटिश अभियंता संस्थेचा सल्ला घेऊन जागांचा अभ्यास सुरू केला.

जहाजबांधणीच्या जागेचे गणित बंदरापेक्षा वेगळे असते. बंदराला मागे व्यापारी प्रदेश लागतो. गोदीला लागते पोलाद, कोळसा, कुशल कामगार, उताराची भक्कम जमीन आणि तयार सांगाडा पाण्यात सरकवल्यावर तो अडकणार नाही इतके शांत, खोल पाणी. मुंबईत पाणी आणि कारागीर होते, पण पाण्याकाठची मोकळी जमीन दुर्मीळ आणि महाग, शिवाय पोलाद आणि कोळसा खूप लांब. सगळ्यात सोयीचे होते कोलकाता. जमशेदपूरचे पोलाद, झरियाचा कोळसा, हुगळीकाठचे इंजिनीअरिंग कारखाने. पण हुगळीचा गाळ ही कायमची डोकेदुखी, आणि बंदर आयुक्तांच्या मंडळावर युरोपीय व्यापाऱ्यांचा वरचष्मा. तिथे योग्य जागा मान्य होण्याजोग्या अटींवर मिळाली नाही.

मग नजर विशाखापट्टणमकडे गेली. हे बंदर अगदी नवे होते. बंगाल-नागपूर रेल्वेच्या माध्यमातून, मध्य प्रांतातील मँगनीजला समुद्राकडे जवळची वाट मिळावी म्हणून दलदलीत खोदून ते तयार केले होते. रायपूर-विजयनगरम रेल्वेमार्ग त्याच योजनेचा भाग. डॉल्फिन्स नोज या डोंगराने वारा अडतो, आतला जलाशय शांत राहतो. प्रवेशमार्गात वाळू साचू नये म्हणून दोन जुनी जहाजे बुडवून त्यांचाच लाटा अडवणारा बांध करण्यात आला होता. ऑक्टोबर १९३३ मध्ये या बंदरात शिरलेले पहिले जहाज ‘जलदुर्गा’, आणि तेही सिंदियाचेच. रेल्वेने पोलाद-कोळसा येऊ शकत होता, जमीन मोकळी होती आणि हुगळीसारखा गाळाचा प्रश्न नव्हता.

इथे नियोजनाचा एक पेच दिसतो. सरकारने मँगनीजच्या निर्यातीसाठी बंदर बांधले आणि खासगी कंपनीने त्याच्या आधाराने जहाजबांधणी उभी केली. दोघांनी एकत्र आखणी केली असती तर गोदी आणखी दहा वर्षे आधी उभी राहिली असती. तसे झाले नाही, कारण देशी जहाजबांधणी हे सरकारच्या आराखड्यातच नव्हते.

युद्ध मदतीला आले की आड?

दोन्ही. २१ जून १९४१ रोजी राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते विशाखापट्टणमला पायाभरणी झाली. याच सुमारास वालचंद बंगळूरुला म्हैसूर संस्थानाच्या साथीने विमान कारखाना उभारत होते आणि मोटारींच्या कारखान्याच्या खटपटीतही होते. तीन अवजड उद्योग एकाच वेळी हाती घेणे हे धाडस होते आणि भांडवलाच्या दृष्टीने ओढाताणही. विमान कारखान्याला सरकारने मदत केली, कारण युद्धात विमानांची दुरुस्ती हवी होती. जहाजबांधणीला ती आस्था नव्हती. यंत्रे आणि पोलाद मिळण्यासाठी लागणारी प्राथमिकता सरकारने दिली नाही.

६ एप्रिल १९४२ रोजी जपानी विमानांनी विशाखापट्टणमवर बॉम्ब टाकले. काम थांबले, यंत्रसामग्री मुंबईला हलवावी लागली. पूर्व किनाऱ्यावर गोदी नेण्याच्या निर्णयाची ही किंमत होती आणि जागा निवडताना ती कोणाच्या हिशेबात नव्हती. पुन्हा सगळे जमवून खरे बांधकाम सुरू व्हायला युद्ध संपावे लागले.

‘जलउषा’ नंतर काय झाले?

१४ मार्च १९४८ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते ‘जलउषा’चे जलावतरण झाले. आठ हजार टन क्षमतेचे हे जहाज म्हणजे स्वतंत्र भारतात पाण्यात उतरलेले पहिले मोठे पोलादी मालवाहू जहाज. ‘लॉयल्टी’च्या सफरीला तेव्हा एकोणतीस वर्षे होत आली होती.

आनंद खरा होता, आकडे मात्र कठोर होते. इथे बांधलेले जहाज ब्रिटनमधल्या जहाजापेक्षा महाग पडत होते. इंजिने आणि बरीचशी यंत्रे बाहेरूनच येत, कामगार नवे होते आणि वर्षाला मोजकीच जहाजे होत असल्याने खर्च विभागला जात नव्हता. जहाजबांधणी नफ्यात येण्याआधी कित्येक वर्षे तोटा सोसावा लागतो. ब्रिटन, जपानमध्येही हा उद्योग सरकारी आधाराशिवाय वाढलेला नाही. सिंदियाला किमतीतला फरक सोसणे शक्य नव्हते. सरकारने जहाजांची मागणी नोंदवून काही भार उचलला, पण तेवढ्याने भागले नाही. २१ जानेवारी १९५२ रोजी हिंदुस्थान शिपयार्ड ही कंपनी स्थापन झाली, दोन तृतीयांश मालकी सरकारची आणि एक तृतीयांश सिंदियाची. ज्या माणसाने आयुष्यभर सरकारशी भांडून खासगी उद्योग उभा केला, त्याचा सर्वांत आवडता कारखाना सरकारी झाला. याला पराभव म्हणणारेही होते. पण गोदी बंद पडून जमीन विकली जाणे हा दुसरा पर्याय होता, हे लक्षात घेतले पाहिजे.

कायद्याच्या आघाडीवर उशिरा का होईना, यश आले. सी. पी. रामस्वामी अय्यर समितीने १९४७ मध्ये संपूर्ण किनारी वाहतूक देशी जहाजांकडे द्यावी आणि पाच ते सात वर्षांत २० लाख टनांचा ताफा उभारावा असे सुचवले. हाजी विधेयकात जे मागितले होते, ते स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत सरकारी धोरण झाले.

वालचंद यांना हे सगळे पूर्णपणे पाहता आले नाही. १९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि पुढच्या वर्षी ते कामातून निवृत्त झाले. अखेरच्या काळात पत्नी कस्तुरबाई यांनी शुश्रूषा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. सिंदियाचा उरलेला हिस्सा सरकारने १९६१ मध्ये घेतला. १९८०च्या दशकात सिंदिया कंपनीची घसरण झाली आणि मुंबईच्या बॅलार्ड इस्टेटमधील सिंदिया हाऊस या इमारतीवर फक्त नाव उरले. विशाखापट्टणमची गोदी चालू राहिली. २०१० मध्ये ती संरक्षण मंत्रालयाकडे सोपवण्यात आली आणि व्यापारी जहाजांऐवजी नौदलाच्या कामावर तिचा भर वाढला. गोदीच्या परिसराला अजूनही गांधीग्राम म्हणतात.